हात न लावायचं काम

चिमाबाईंना कामावर ठेवताना मार्टा मॅडमनी एकच अट घातली होती. पोरांना हात लावायचा नाही.

पोरं म्हणजे सहा वर्षांचा यान आणि चार वर्षांची लोटे. मॅडमचे यजमान चाकणच्या एका कंपनीत मोठे साहेब. त्यांच्यामागून ही मंडळी जर्मनीहून येऊन पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर राहत होती. त्यांच्याकडे म्हणे पोरांच्या बागेत करवती, हातोड्या आणि दोन-तीन पुरुष उंचीचे दोरांचे मनोरे असतात. इथे सोसायटीच्या बागेत एक पिवळी घसरगुंडी होती आणि तिच्याहून मोठी नियमांची पाटी. म्हणून मॅडम रोज दुपारी पोरांना घेऊन धोक्याची जागा शोधायला बाहेर पडत. अर्धवट बांधकामाची भिंत, नाल्याकाठचं उंबर, काहीही चालत असे. आधीच्या दोघी बायांचं काम यापायीच गेलं. एकीनं यानला दंडाला धरून भिंतीवरून उतरवलं होतं, दुसरीनं नुसतं लोटेचं बोट पकडलं होतं.

चिमाबाईंचे परीक्षेचे तीन महिने शनिवारी संपत होते, मग काम कायम होणार होतं. नवरा गेल्यापासून त्या मुलाकडे राहत, आणि हे काम लागल्यापासून सून त्यांना जेवायला हाक मारायला लागली होती. ती हाक त्यांना टिकवायची होती. म्हणून पोरं चढायला लागली की त्या दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या राहत. सोपं नव्हतं ते. सात वर्षांच्या असताना माहेरी, निघोज्याच्या विहिरीपाशी, धाकट्या भावाचा, भिमाजीचा हात त्यांच्या हातून सुटला होता. तो दुसऱ्या दिवशी वर आला. तेव्हापासून कुणाचंही पोर दिसलं की त्यांचा हात आपसूक पुढे जायचा.

शुक्रवारी मॅडमनी विचारलं, "चिमाबाई, आप छोटा, तब किधर खेला?"

चिमाबाईंनी टेकडी सांगितली, ओढा सांगितला, शेंड्यापर्यंत चढता येणारा आंबा सांगितला. विहीर सोडून सगळं सांगितलं. त्यातलं आता काही उरलं नाही, हे सांगायच्या आत मॅडमनी ड्रायव्हरला, समाधानला, गाडी काढायला लावली. बोललेलं गिळता येईना.

निघोज्यात टेकडी मुरुमासाठी खणून नेलेली होती. आंब्याच्या जागी कंपनीची सिक्युरिटी केबिन होती. विहीर बुजवून तिथे वजनकाटा बसवला होता. चिमाबाई तिथे क्षणभर थांबल्या. भिमाजीच्या छातीवर ट्रक तोलले जात होते.

पोरं कंटाळून रडायला लागली, तेव्हा नाइलाजानं त्यांनी सगळ्यांना माहेरच्या घरी नेलं. घरामागे त्यांच्या पुतण्यानं कंपन्यांची माल ठेवायची जुनी लाकडी पॅलेट आणून रचली होती, चांगली दुमजली थप्पी. ती बघून यानचं रडणं जागच्या जागी थांबलं. मॅडम म्हणाल्या, "बहुत अच्छा," आणि बसायला खुर्ची मागितली.

चहा घेऊन आलेल्या गिरजावहिनी वर बघून थबकल्या.

"आगं चिमे, पोरं वर चालल्यात."

"दिसतंय मला."

"मग धर की."

"धरायची न्हाईत."

"धरायची न्हाईत, तर पगार कशाचा घेतीस?"

"न धरायचा."

"आन् ही आई हाय का सावत्र?"

"सख्खी हाय."

"च्या कशी निवांत पितीया बघ."

ओसरीवर बसलेल्या धोंडीबांना हे सहन होईना. ते चिमाबाईंचे थोरले भाऊ. जमीन गेल्यापासून तेरा वर्षं ते ओसरीवरच बसून होते, कुणी त्यांना काही काम सांगितलं नव्हतं. त्यांनी धोतराचा काचा मारला. "तुमा बायकांच्यानं होत न्हाई, मी आणतो," म्हणाले आणि चढले.

ते वर पोचले तोवर बिस्किटाचा पुडा फुटल्याचा आवाज ऐकून पोरं पलीकडून खाली उतरली होती. धोंडीबांनी एकदा खाली पाहिलं आणि थप्पीला मिठी मारली.

"दादा, उतर," चिमाबाई म्हणाल्या.

"उतरतो. घाई हाय का तुला?"

"एक पाय दे खाली."

"कुठला?"

"कुठला बी."

"दोन्ही ऐकत न्हाईत गं."

चिमाबाई पुढे झाल्या, तशा मॅडम खुर्चीतून उठल्या. "चिमाबाई. हाथ नहीं."

"मॅडम, भाऊ हाय माझा."

मॅडम शांतपणे इंग्रजीत काही बोलल्या. समाधाननं मान खाली घालून सांगितलं, "मावशी, त्या म्हणतात, त्यांचं त्यांना उतरू द्या. आत्मविश्वास वाढतो."

"अडुसष्ट वर्सांचा हाय त्यो."

"ते पण सांगितलं मी. म्हणतात, वयाचं काय एवढं."

"आजोबा, सावकाश," लोटे बिस्कीट खात म्हणाली. मराठी तिला चिमाबाईंनीच शिकवली होती.

वरचं पॅलेट करकरलं. शनिवार एका रात्रीवर होता. चिमाबाईंनी पदरातली मूठ आवळली, पुन्हा आवळली, मग धावत जाऊन हात उंचावून भावाचा घोटा धरला.

धोंडीबांना वाटलं, साप. त्यांनी पाय झटकला, हात सोडले आणि चार पॅलेटांसकट खाली आले, दोन्ही तळहातांवर.

चिंचवडच्या हॉस्पिटलात त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. मॅडम शेवटपर्यंत बाकावर बसून होत्या. रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. दाराशी फक्त म्हणाल्या, "चिमाबाई, कल से नहीं." त्या रात्री सुनेनं हाक मारली नाही.

सोमवारी समाधानची गाडी निघोज्याला गेली, धोंडीबांना आणायला.

दुपारी चिमाबाई डबा घेऊन नाल्याकाठी पोचल्या. उंबराखाली खुर्ची टाकून धोंडीबा बसले होते, दोन्ही प्लास्टर मांडीवर. यान पार शेंड्याला होता, लोटे अर्ध्यात. धोंडीबांचा घसा ओरडून बसला होता, आणि त्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. मॅडम लांब गवतावर पुस्तक वाचत होत्या. इतक्या खुशीत चिमाबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चिमाबाईंनी भाकरी कुस्करून भावाला घास भरवला.

"किती दिस हाय म्हनं हे प्लास्टर?"

"डॉक्टर म्हनला सहा आठवडे," धोंडीबा घास गिळून म्हणाले. "मॅडम इचारत व्हत्या, वाढवून मिळंल का."