टेंभरेजी माणूस पाहतात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आई-बाबांच्या लगेच खाली मी झनकलाल टेंभरे हे नाव लिहीन. तिरोड्याच्या एका राइस मिलचे मॅनेजर. नोकरी मागायला आलेल्या माणसाची फाइल ते कधी उघडत नसत. तिच्यावर चहाचा कप ठेवत.

"हे कागद तुह्या कॉलेजनं लिहिले," ते म्हणत. "कॉलेजले मी नोकरीवर नाही ठेवून राहिलो. तू बोल."

मग ते आपली वही काढत. तिच्यात त्यांचे प्रश्न होते. काही खोडलेले, काही सुधारलेले. प्रश्नही शिळे होतात, असं त्यांचं मत होतं. "पोट्टे उत्तर पाठ करून येतेत बाप्पा. प्रश्न असा पाहिजे, का ज्याचं गाइड निघत नाही."

एकदा गोंदियाहून टाय लावलेला एक मुलगा आला. त्याला त्यांनी त्याची कमजोरी विचारली. तो म्हणाला, "सर, मैं हर काम एकदम परफेक्ट करता हूँ, यही मेरी कमजोरी है."

"ये तो तारीफ हो गई बाबू. कमजोरी बताओ. जैसे मेरेको भिंडी नहीं पचती."

मुलगा टायची गाठ सैल करत म्हणाला, "सुबह उठा नहीं जाता, सर."

"शाब्बास! दुपारच्या पाळीत ये."

त्यांचा आवडता प्रश्न असा : गावात तुझं कोणाशी पटत नाही, आणि त्या माणसाची एक चांगली गोष्ट सांग. बोदलकस्याचा एक जण म्हणाला, "चुलत्याशी नाही पटत जी. पण जाळं विणावं तर त्यानंच." तो जागेवर पास. चौकीदारीसाठी आलेला दुसरा छाती काढून म्हणाला, "माझं कोणाशीच भांडण नाही." टेंभरेजींनी हात जोडले. "मग गेटवर काय करशील? तिथं तर भांडावंच लागते."

मी गेलो तो केशोरीहून, मित्राचे बूट घालून. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गाइड वाचून मी अगदी तयार होतो. त्यांनी विचारलं, "गावच्या लग्नात तुह्याकडे काय वाढायले देतेत? बुंदी का पाणी?"

बुंदी वाढणारा मिरवतो आणि पाणी वाढणारा पंगतीवर लक्ष ठेवतो, असा त्यांचा सिद्धांत होता. मला तो ठाऊक नव्हता. माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं. "गावच्या लग्नात आमच्या हातचं वाढून घेत नाहीत जी. आमच्या बौद्ध लोकांच्या लग्नात मात्र सगळंच वाढलं. भांडी बी घासली."

टेंभरेजींनी पेन घेतलं आणि वहीत एक आडवी रेघ मारली. माझं नाव कटलं, असं मी समजलो. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. रेघ त्या प्रश्नावर होती.

"हा प्रश्न नापास. वीस वर्षं विचारून राहिलो, कोणी सांगतलं नाही. तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं जी."

"मग काऊन सांगतलं?"

"दुसरं उत्तर नव्हतं जी."

"सोमवारपासून येजो. आणि हे बूट ज्याचे आहेत त्याले देऊन दे. चालताना तू पुढं अन् बूट मागं राहून राहिले."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी तीन वर्षं बसलो. आज नागपूरच्या एका कारखान्यात माणसं घेण्याचं काम माझ्याकडे आहे. खुर्ची माझी, प्रश्न त्यांचे.

टेंभरेजींची एकच अडचण होती. मिल सुटली तरी त्यांचे प्रश्न सुटत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मिलपासून दोन गल्ल्या पलीकडे मोठ्या भावाचं घर, तेच त्यांचं घर. पुतणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा यांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "शेवटची माफी कोणाले मागतली?"

मुलगा म्हणाला, "माझी चूकच होत नाही."

"आमच्या मिलमध्ये असा एक होता," टेंभरेजी म्हणाले. "बॉयलर त्याच्याच हातून बंद पडला."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. पुढे पुतण्याची सोयरीक निघाली, तेव्हा यांनी मुलीच्या बापासमोर आपल्याच पुतण्याची मुलाखत घेतली. मुलीचा बाप विचारात पडला आणि मग दिसला नाही.

"आपल्याच पोट्ट्याले नापास करते का कोणी, भाऊजी?" वहिनी रडकुंडीला आल्या.

"मार्क काय घर पाहून देऊ, वहिनी?"

त्यानंतर पाहुणे येणार असले की त्यांना कोणी कळवेनासं झालं.

मी तिथं असताना एका रविवारी विसरलेला डबा आणायला मिलमध्ये गेलो. मिल बंद होती आणि टेंभरेजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आपल्या खुर्चीत बसले होते. टेबलावर काहीच नव्हतं. बाहेरून बँडचा आवाज येत होता. त्यांच्या पुतणीचं साक्षगंध होतं, भावाच्या घरी साखरपुड्याचा मांडव पडला होता.

"आज इकडं कसे जी?"

"काम होतं."

मी डबा घेतला, पण पाय निघेना.

"बँड चांगला आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पोरगा चांगला असन ना?"

"मी पाहिला नाही जी."

"मी बी नाही."

गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

आदरणीय टेंभरेजी,

सप्रेम जय भीम.

माझ्या बहिणीला, रजनीला, पाहायला येत्या अठ्ठावीस तारखेला, रविवारी, केशोरीला पाहुणे येणार आहेत. मुलगा शिक्षक आहे. आमच्या बाजूनं बोलायला कोणी नाही. बाबा पाहुण्यांसमोर फक्त "हो जी, हो जी" म्हणतात. हुंड्याची गोष्ट निघाली तरी "हो जी"च म्हणतील, अशी आईला भीती आहे.

म्हणून तुम्ही आमच्याकडून बसावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे. मुलाला जे विचारायचं ते विचारा. पाहुणे उठून गेले तर पोहे आपण खाऊ, असं आई म्हणते. रजनी म्हणते, मलाही त्यांच्यासमोरच विचारा. मी कशी आहे ते त्यांनाही कळू द्या.

तुम्हाला कोणती भाजी चालते, असं आईनं विचारलं. भेंडी नको, एवढं मी सांगितलं आहे.

तुम्हाला तो रविवार जमत नसेल तर कळवा. पाहुण्यांना आम्ही दुसरा रविवार देऊ.

आपला,
प्रमोद मेश्राम