शाळेत बसलेला डाव

साक्षी आणि दुआ यांची कट्टी झाली आणि शाळेच्या खो-खो संघाचं कंबरडंच मोडलं. कट्टी असलेल्या मुलीशी बोलायचं नसतं आणि न बोलता खो देता येत नाही. सरावात साक्षी धावत दुआच्या पाठीमागे यायची, ओठ गच्च मिटायची आणि पुढच्या मुलीकडे निघून जायची. शनिवारी रिठदच्या पोरींशी सामना, आणि इकडे दुआ मैदानात अशी उकिडवी बसून राहायची की आणखी दोन दिवसांत तिला मुळं फुटली असती.

"काहून खो देत नाही तू तिले?" धम्मपाल सरांनी विचारलं.

"तिनं माह्यी येनी ओढली. मी नाही बोलत तिच्यासंग."

"हिनं मले सगळ्यायसमोर गोगलगाय म्हटलं!" दुआ फणफणली. "सर, हिले सांगून द्या, मी बी नाही बोलत."

धम्मपाल सर नुकतेच वाशिमहून प्रशिक्षण घेऊन आले होते. भांडणाला शिक्षा करायची नाही. सगळ्यांनी गोल बसायचं आणि काय झालं, कोणाला लागलं, ते भरून कसं काढायचं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. एक वस्तू हातोहात फिरवायची. ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रशिक्षणात त्यासाठी छान रंगीत काठी होती. पण शाळेत काठी दिसली की पोरी बोलायचं सोडून तळहात पुढे करतील, म्हणून सरांनी खिचडी शिजवणाऱ्या रुपाबाईंकडून वाढायची डाव मागून घेतली.

"उद्या शाळा सुटल्यावर घरच्या मोठ्या माणसाले घेऊन या," त्यांनी दोघींना बजावलं.

साक्षीनं जेवताना आपल्या आजोबांना, ग्यानबांना, निरोप दिला, "आबा, उद्या शायेत गोल बसाचं हाय. ज्याच्या हाती डाव, त्याची पाळी. अन् ज्याचं नुकसान झालं, त्याले भरून भेटन."

ग्यानबांचा घास हातातच राहिला. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, घरातून पत्ते हद्दपार केल्याला तप लोटलं होतं, आणि इथे शाळाच डाव बसवत होती! वर नुकसानभरपाई! ते तसेच उठून दुआच्या आजोबांकडे, आपल्या जुन्या भिडूकडे गेले.

"शफीक, सरकारी डाव हाय उद्या. इस्तरीचा सदरा घाल."

"माशाअल्ला! बुढ्यायसाठी बी योजना निघाली म्हना की!"

दुसऱ्या दिवशी दोघे अत्तर लावून हजर. वर्गात संघातल्या सगळ्या पोरी गोल करून बसल्या होत्या. ग्यानबांचा खिसा फुगलेला.

"जयभीम सर. पानं तुमची, का आमची?"

"पानं? नाही आबा, जेवाचं नाही ठेवलं. नुसतं बोलाचं हाय." असं म्हणून सरांनी वस्तू त्यांच्या हातात दिली.

ग्यानबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे काय?"

"डाव."

"हा डाव?"

"हा नाही आबा. ही."

ग्यानबांचा चेहरा असा उतरला की शफीकभाईंनी त्यांना पाणी पाजलं. तेवढ्यात दारात रुख्मिणीबाई!

"सकायी कोनी न सांगता आंघोय केली, तवाच मले समजलं!" त्यांनी नवऱ्याच्या हातातली डाव हिसकावली. त्या झटापटीत खिशातून बावन्न पत्ते भुईवर सांडले. सर काही बोलणार, तर साक्षीनं ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम. डाव आजीच्या हातात होती.

रुख्मिणीबाई बोलायला लागल्या की दूर अनसिंगच्या एसटी स्टँडवरचे लोक गाडी आली म्हणून उठून उभे राहतात. त्या दिवशीही राहिले असतील. पण बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला.

"दिवा लागला की हे शफीकभाऊच्या ओट्यावर. घरी पत्ते बंद केले, त तिकडं सुरू. मी भाकर झाकून बसतो. कोनासंग बोलू, भिंतीसंग? घरात मानूस असून न बोलता राह्यनं लय जड असते, पोरीओ."

साक्षी हळूच उठली, गोलाच्या बाहेरून दुआच्या मागे आली आणि पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

दुआ सवयीनं उठून सुसाट पळाली. दारापर्यंत गेल्यावर तिला कट्टी आठवली. पण तोवर साक्षी तिला येऊन धडकली होती आणि दोघी हसत हसत मैदानात पोचल्या. मागोमाग अख्खा संघ.

सरांचा ऊर भरून आला. प्रशिक्षण कामी आलं! त्या भरात त्यांनी शेवटचा प्रश्नही विचारून टाकला, "काकू, तुमचं नुकसान कसं भरून काढाचं, सांगा."

रुख्मिणीबाईंनी भुईवरचे पत्ते पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मले बी डावात घ्या."

ग्यानबा दचकले. "तुले खेयता येते काय?"

"तुमाले बी कुठं येते? रोज त हरून येता!"

"तीन जनायची मेंढीकोट होत नाही, भाभी," शफीकभाई चाचरत म्हणाले. "चौथा लागते."

तिघांनी सरांकडे पाहिलं.

"शाळेत पत्ते? काकू, माह्यी नोकरी जाईन!"

"शायेत कोन म्हनते? फाटकाबाहेर पार हाय ना. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या मनासारखं भरून द्या लागते, हे तुमीच सांगतलं ना पोरीयले?"

सर चपला घालून फाटकाबाहेर निघाले. मैदानात पोरींचा गलका चालू होता, आणि पारावर चौघं बसले. रुख्मिणीबाईंनी तीन मेंढ्या, म्हणजे तीन दश्श्या, पहिल्या दमात ओढल्या. ग्यानबा त्यांच्याकडे लग्नात पाहिलं नसेल असं टक लावून पाहू लागले.

"हुकूम कोनाचा चालू हाय?" नवख्या सरांनी गोंधळून विचारलं.

"हे काय इचारनं झालं, सर?" शफीकभाई पत्ते सावरत म्हणाले. "भाभीचाच!"