परवा कोणाचा?

या खेपेला परदेशातून येणाऱ्या लेकीला आणायला विमानतळावर आपणच जायचं, असं पोस्टमास्तर चहा पिता पिता बोलून गेले आणि बायकोचा हात कपबशीवरच थांबला. मागे सासूबाईंना आणायला ते स्टेशनवर गेले होते, पण एक दिवस उशिरा. (हा विषय निघाला की सासूबाई अजून प्यायला पाणी मागतात.) तेव्हापासून घरात पाहुणे आणण्याचं खातं मेहुण्याकडे होतं. त्याच्याकडे गाडी होती, शिवाय तो आयुष्यात एकदा विमानात बसला होता.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, परवा दुपारी एकचं विमान. चौदा तास..." आणि लाइन तुटली.

"सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "परवा म्हणजे बुधवार. त्यात चौदा तास मिळवा. गुरुवारी पहाटे मी जातो, भावोजी, तुम्ही झोपा."

मास्तर नुसतेच हसले. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलून ज्याची बोटं काळी झाली, त्याला हा तारीख शिकवणार.

"परवा कोणाचा?"

"म्हणजे?"

"आपला की तिचा? तिच्याकडे अजून रविवारची संध्याकाळ आहे. तिचा परवा मंगळवारी. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. ती बुधवारी दुपारी उतरणार."

"परवा काय माणसागणिक वेगळा असतो?"

"अहो, तिलाच फोन करून विचारा ना," बायको म्हणाली.

त्यावर दोघांनी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की सकाळपासून प्रथमच त्यांचं एकमत झालं.

मग मेहुण्याने चौदा तासांवरच शंका काढली. मास्तरांनी बायकोची विणायची लोकर पृथ्वीच्या गोलावर या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत धरली, अंतर काढलं, विमानाच्या वेगाने भागलं. तेरा आले. लोकर जरा ताणली, चौदा आले. (पृथ्वी थोडी ताणली जातेच.)

बुधवारी अर्धी रजा टाकून मास्तर एकटेच विमानतळावर गेले. पाटीवर लेकीचं विमान होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'उतरले'. त्यांचा ऊर भरून आला. शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी पेढा मिळाल्यासारखं हसून दाखवलं आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून खांबाआड जाऊन घरी फोन लावला.

"दे तुझ्या भावाला."

मेहुणा फोनवर आला. मास्तरांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. पृथ्वी गोल का, इथून सुरू करून ते सूर्योदयावर आले, तिथून लोकरीवर, लोकरीवरून सासूबाईंवर, आणि ती चूक रेल्वेची कशी होती यावर.

"भावोजी, जरा ऐका..."

"मध्ये बोलू नकोस. एवढी वर्षं तूच बोलत होतास."

दुसरा तास सुरू झाला, फोन कानाला चटके देऊ लागला तरी ते थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग? पटलं की नाही?"

"सगळं पटलं. आता हिच्याशी बोला."

"बाबा," लेकीचा आवाज आला, "तासभर तुमचा फोन लागत नव्हता, म्हणून मी टॅक्सीने घरी आले. तुम्ही तिथेच उभे राहा, कुठे जाऊ नका. मामा गाडी काढतोय तुम्हाला आणायला."