दशरथआप्पांचं खेळाचं पाकीट

दशरथआप्पांनी कूलर घेतला तो दिवाळीत. उन्हाळाभर ते ठरवत होते.

आप्पा माझे शेजारी. तापीकाठची केळी-पपईची बागायत, घरी कशाची ददात नाही, आणि तरीही बाजारात गेले की हा माणूस जागच्या जागी रुतून बसतो. साधी बॅटरी घ्यायची तर दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्या लावून विझवून पाहतील, दुकानदाराला उलटसुलट विचारतील, मग दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारतील, आणि शेवटी "देखू मंग" म्हणून रिकाम्या हाताने परत. घाई करा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मास्तर, घाई कसानी शे?" सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते दरवर्षी जातात. घोड्याचे दात बघतात, खूर बघतात, भाव काढतात आणि घरी येतात. आता व्यापारीसुद्धा घोडा दाखवत नाहीत, आधी चहा सांगतात.

अशा माणसाने जर्मन कंपनीची मोठी गाडी घ्यायचं मनावर घेतलं, हे माझं दुर्दैव. मी निवृत्त भूगोल शिक्षक. गाडीतलं मला काही कळत नाही. पण आप्पांच्या मते, "तू शिकेल मानूस शे. तू नुसता संगे चाल."

नुसता संगे म्हणजे सुरत. नवापूर ओलांडून, उन्हातान्हात, आप्पांच्या जुन्या जीपमध्ये. ती जीप मणक्यातल्या प्रत्येक हाडाची वेगळी चौकशी करते.

शोरूममधली मुलगी हेतल. गोड, हसरी, आणि पहिल्या दिवशी तरी उत्साही. गाडी आप्पांना पसंत पडली. रंगही ठरला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात हेतल म्हणाली, "अंकल, स्पोर्ट पॅकेज लेंगे?"

तिथून माझ्या आयुष्याची वाट लागली.

"स्पोर्ट म्हंजे खेय ना?" आप्पांनी मला विचारलं.

"हो, खेळ."

"मंग हाई गाडी काय खेयस?"

हेतलने समजावून सांगितलं. चाकं मोठी, त्यावर टायर पातळ. खालच्या स्प्रिंगा कडक. स्टेअरिंगचं बूड चपटं. आतून लाल दोऱ्याची शिवण. एक बटण दाबलं की इंजिनाचा आवाज वाढतो. आणि पुढच्या दोन्ही सीट वेगळ्या, कडेने उंच उचललेल्या, वळणावर माणसाला धरून ठेवणाऱ्या.

"आवाज वाढाडासाठे बटन?" आप्पा म्हणाले. "मन्हा ट्रॅक्टर तं फुकट करस."

पण नाही म्हणाले नाहीत. "देखू मंग," म्हणाले, आणि आम्ही परत आलो.

मग गावाला कामच मिळालं. आप्पांनी 'पॅकेज'चं 'पाकीट' केलं आणि ज्याला त्याला विचारत सुटले. न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या दाढीला साबण लावलेली माणसं पातळ टायरवर भांडली. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, कडक स्प्रिंग तब्येतीला बरी. देवळातल्या पुजाऱ्याने लाल शिवण शुभ ठरवली. मी सकाळी दूध आणायला निघालो तरी कोणी ना कोणी हटकायचं, "मास्तर, पाकीटनं काय व्हयनं?" जणू मीच ते खिशात घेऊन फिरत होतो.

आप्पांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. तो रोज व्हिडिओ पाठवायचा. त्यातली गाडी घाटात सापासारखी वळायची. आप्पा तो व्हिडिओ मला दाखवायचे आणि विचारायचे, "यामा बाजूले बसेल मानूस दिखस का?"

मला तेव्हा त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. दिसत नव्हता, एवढंच मी सांगायचो.

पुन्हा सुरत. या खेपेला आप्पांनी खेळाची सीट असलेली गाडी बघायला मागितली आणि चालकाच्या नव्हे, शेजारच्या सीटवर जाऊन बसले. उतरले. पुन्हा बसले. मग एक पाय लाकडासारखा ताठ ठेवून बसायला गेले, कडेच्या उंचवट्याला अडले आणि दाराला धरून उभे राहिले. मग पाठमोरे, आधी बूड टेकून. पुन्हा उतरले. मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर यंत्राची कडू कॉफी पीत हे बघत होतो. शोरूममधली बाकीची माणसंही बघत होती.

हेतल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, अंकल की तबियत तो ठीक है ना?"

"ते असेच आहेत," मी म्हणालो. मला दुसरं काही बोलायचं त्राण नव्हतं.

मग चाचणीची फेरी. आप्पांनी चालवायला साफ नकार दिला. हेतलने चालवायची, आप्पा शेजारी, मी मागे. रस्ता काचेसारखा. आप्पा अस्वस्थ.

"बेटी, खड्डा किधर है?"

"अंकल, यहाँ खड्डा नहीं है," ती अभिमानाने म्हणाली.

"तो फिर क्या समझेगा? ढूंढो."

त्या बिचारीने जर्मन गाडी घेऊन खड्डा शोधला. एका अर्धवट पुलाखाली खडीचा रस्ता सापडला. तिथून आप्पांनी गाडी पुढे-मागे न्यायला लावली. स्वतः डोळे मिटून, कमरेवर हात ठेवून बसलेले. प्रत्येक धक्क्याला तोंडाने बारीक "हं" म्हणायचे. परत आल्यावर म्हणाले, "देखू मंग."

हेतलचं हसू त्या दिवशी संपलं. माझं त्याआधीच संपलं होतं.

परतताना खांडबाऱ्याला चहाला थांबलो. तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. आप्पांना स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे सगळ्या टपरीने ऐकलं.

"आप्पा, घ्यायची तर पूर्ण घ्या ना! सगळं आयुष्य काटकसरीत घालवलं. आता तरी चिक्कूपणा सोडा."

"हा भो," आप्पा शांतपणे म्हणाले. "मी चिक्कूच शे."

फोन बंद झाला. माझाही बांध फुटला. "आप्पा, नको असेल तर नाही म्हणा, हवं असेल तर हो म्हणा. त्या जीपने माझी कंबर गेली. किती दिवस ठरवणार?"

आप्पांनी बशीतला चहा निवू दिला.

"मास्तर, माईना पाय वर व्हस नही," ते म्हणाले.

माई म्हणजे त्यांची बायको. मागच्या पावसाळ्यात ओट्यावरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. खापरला तिचं माहेर, म्हातारी बहीण तिथे आहे. पडल्यापासून माई तिकडे गेलेली नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा आणि पाकिटाचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

"लगीन व्हयनं तैपासून ती मांगेच बसनी," आप्पा सांगू लागले. "बैलगाडीमा मांगे. ट्रॉलीमा मांगे. जीपमा मांगे. पुढे मन्हा बाप बसे. मंग भाऊ. मंग आम्हना पोऱ्या मोठा व्हयना, तो बसे." ते थांबले. "आते बाप नही, भाऊ नही, पोऱ्या पुनाले. पुढली जागा मोकयी शे."

मी कप खाली ठेवला.

"पन त्या खेयनी सीटले कड उंच शे. तिना पाय अडकी. आनि खालथून असा धक्का लागस..." त्यांनी कमरेला हात लावला. "साधी सीट बरी. सरकीसन बसी जाई ती."

"मग हे प्रशांतला सांगा ना," मी म्हणालो. "तो तुम्हाला चिक्कू म्हणतोय."

"म्हनू दे. त्याले सांगं, तं तो माईले फोन करी. मंग ती म्हनी, मन्हासाठे कसाले? मंग ती त्या गाडीमा पाय ठेवाव नही." त्यांनी बशी तोंडाला लावली. "तू बी सांगू नको."

गाडी साधीच आली. गाव जमलं होतं. लाल शिवण नाही, बटण नाही, हे कळल्यावर न्हाव्याच्या दुकानातली मंडळी नाराज झाली. "आप्पांनी शेवटी पैसा वाचवलाच," असं कोणीतरी माझ्याच कानाशी म्हणालं. मी नारळ पुढे केला. माईने काठी भिंतीला टेकवून गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं.

मग माई काठी टेकत गाडीच्या मागच्या दाराकडे चालू लागली.

आप्पा पुढचं दार उघडून उभे होते. "आठे," ते म्हणाले.

"तठे मास्तरसले बसू द्या," माई म्हणाली.

"मी येत नाही, माई," मी घाईने म्हणालो. "मला गाडीत बसायचाच कंटाळा आलाय." हे खरंही होतं.

माईने जमलेल्या माणसांकडे पाहिलं, पदर पुढे ओढला. "लोके काय म्हनतीन?"

"आते म्हननारा कोन ऱ्हायना?" आप्पा म्हणाले.

ती पाठमोरी झाली. आधी टेकली, मग दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून आत घेतला आणि अंग हळूच सरकवलं. कुठे काही अडलं नाही. आप्पांनी दार इतक्या बेताने लावलं की ते नीट लागलंच नाही, पुन्हा लावावं लागलं. मग ती एवढी मोठी गाडी खापरच्या दिशेने निघाली. इतकी हळू, की पुढे चाललेली सायकलसुद्धा तिला गाठता येईना.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी ओट्यावर होतो. बहिणीने दिलेली लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन माई पुढच्या सीटवर बसलेली, दार उघडं, तरी उतरायची घाई नाही. मी जवळ गेलो. म्हटलं, "कसं झालं? बहीण भेटली?"

"भेटनी ना. रडनी, हसनी." मग ती जरा पुढे वाकली, गुपित सांगावं तशी. "मास्तर, मायेरनी वाट मी जलमभर मांगेथून देखी. झाड मांगे ग्यं का मंग दिखे, गाव मांगे ग्यं का मंग दिखे. आज ते सगयं समोरथून येवाले लागनं."

आप्पा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून, स्वच्छ असलेली काच धोतराच्या सोग्याने पुसत होते.