पंतांची बूटेबल इमेज

एका जंगलात, बाळांनो, पाणवठ्याला दार होते आणि दाराला संगणक होता. पूर्वी नुसतेच पाणी होते. मग जंगलाची प्रगती झाली.

ऐन वैशाखात संगणक बसला. दार उघडेना. हत्तींच्या सोंडा वाळल्या. बेडकांनी तर बोलणेच टाकले.

संगणक सांभाळायची साळूताई साळिंदर. ती वनराजांना म्हणाली, "महाराज, बूटेबल इमेज हवी. म्हणजे अशी फाइल, की जिच्यावरून मेलेला संगणक पुन्हा उठतो."

"एवढेच ना? आणतो!" प्रधान तरसोपंत म्हणाले.

संध्याकाळी फाइल हजर. नाव भारदस्त: 'महाबूट डॉट आयएसओ'.

साळूताईने आपल्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडला आणि एक हुकूम टाइप केला. नाव काहीही असो, फाइलच्या पोटात काय आहे ते हा हुकूम सांगतो. उत्तर आले: जेपीईजी.

"पंत, हा तर नुसता फोटो आहे! तुमचा!"

"मग? इमेजच मागितलीस ना? माझी इमेज जंगलभर चांगली आहे."

"अहो, पण बूटेबल..."

"पाय बघ की!"

साळूताईने पाहिले. चारही पायांत बूट होते. चकचकीत.

वनराजांना फोटो फार आवडला. "लाव," ते म्हणाले. तिने लावला. संगणक ढिम्म.

"ही सारखी पोट तपासते, म्हणून फाइल बुजली," पंत म्हणाले. वनराजांना पटले. काळ्या पडद्यावर बंदी आली. दवंडी पिटली: फाइलच्या नावावर विश्वास ठेवावा.

साळूताईचे काटे ताठ उभे राहिले. पण घरी पिल्ले जिभा बाहेर काढून पडली होती. ती करवंदीच्या जाळीत शिरली आणि चोरून आपल्या जुन्या फायली तपासू लागली. शेवटी एकीचे उत्तर आले: आयएसओ, बूटेबल. तिने त्या फाइलचे नाव बदलले आणि दरबार गाठला.

"महाराज, मघाच्या फोटोत पंतांच्या नाड्या सुटल्या होत्या. हा दुसरा."

वनराजांनी नाव वाचले: 'पंत नव्या बुटांत डॉट जेपीईजी'. "हां, आता कसं!"

संगणक गुरगुरला. दार उघडले. सगळे जंगल पाण्यावर तुटून पडले.

हत्तींनी पंतांना सोंडेवर घेतले. बेडकांनी त्यांच्यावर पोवाडा रचला. साळूताईला तो ऐकू आला नाही. पिल्लांसकट तिचे तोंड पाण्यात होते.

तात्पर्य: नावाला भुलू नये, पोट तपासावे. आणि पोटातला माल खरा निघालाच, तर त्याला ताबडतोब खोटे नाव द्यावे, म्हणजे तो चालतो.