खेळण्यांच्या पेटीची किल्ली

वस्तू जपावी तर अर्जुनरावानं! हे माझं मीच सांगतोय, कारण गावात दुसरं कुणी सांगत न्हाई. गीताबाई गावच्या सरपंच, न् मी त्यांचा नवरा. दोन वर्षांमागं सरकारनं अंगणवाडीला खेळण्यांची पेटी दिली. पोरांच्या हाती लागली असती तर आठ दिवसांत चुरा! मी कुलूप ठोकलं, किल्ली करदोड्याला बांधली. अंघोळीलासुदिक सोडली न्हाई.

गेल्या महिन्यात एका सकाळी अंगणवाडीच्या वनमालाताई धापा टाकीत आल्या. "अण्णा, तालुक्याच्या मॅडम निघाल्यात! लेकरं खेळातून शिकतात का, ते बघणार हायेत. न्हाई पटलं तर आपली अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडणार. एवढाली लेकरं तीन किलोमीटर चालतील व्हय?"

"कावून घाबरता? पेटी कोरी करकरीत हाय!"

"तेच तर! एक ओरखडा न्हाई. पोरं खेळली म्हणून कोण म्हणंल?"

बाईचं खरं होतं की! पण मी डगमगणारा गडी न्हाई. दोन वर्षांची झीज तासाभरात करायची, एवढंच! माझे दोस्त आदिनाथ न् रामकिसन, दोघांना हाक मारली. गॅरेजवाला सलीम पॉलिश पेपर घेऊनच आला. कामात लुडबूड नको म्हणून अंगणवाडीतनं पोरांना बाहेर काढलं न् पेटी उघडली.

सलीम मोटारीची चाकं घासाया लागला. रामकिसननं डफली बडवली. आदिनाथ सोसायटीचा चेअरमन, पण ठोकळ्यांचा मनोरा रचाया बसला अन् उठंचना! रामकिसनचा पाय लागून मनोरा कोसळला.

"मुद्दाम पाडला बे!"

"तुझा पायाच कच्चा हाय!"

दोघं गचांडीला आले. मला ते ऐकूबी येईना. मी तुकडे जोडून हत्ती करत होतो, त्याची सोंड बसत नव्हती. पाचच तुकडे, पण घाम फुटला!

"ही कितवी तुकडी?"

दारात मॅडम! खिडकीच्या गजांना बावीस पोरं चिकटलेली.

वनमालाताईंचे डोळे भरले. "चूक माझी हाय, मॅडम. पेटी आजच उघडली."

मला लई लाज वाटली. "न्हाई मॅडम. किल्ली माझ्यापाशी होती," म्हणत मी करदोडा चाचपाया लागलो. मॅडमनी घाईनं तोंड फिरवलं.

"मग दोन वर्षं मुलं खेळली कशाशी?"

सलीमची चार वर्षांची हुस्ना आत आली अन् कोपऱ्यातला डबा ओतला. चिंचोके, बाटल्यांची बुचं, रंगीत चिंध्या! लहान-मोठे चिंचोके वेगळे केले, दहापर्यंत मोजून दाखवले. मॅडम खालीच बसल्या.

शेवटी म्हणाल्या, "ताई, तुमची अंगणवाडी इथंच राहील. पेटीला कुलूप मात्र दिसता कामा नये."

वनमालाताईंनी पदरानं डोळे पुसले. मी छाती फुगवली, तेवढ्यात हुस्नानं माझ्या हातातली सोंड घेतली. "नाना, उलटी धरली तुमी." बसली की हो!

मॅडमनी हत्तीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अर्जुनराव, उद्यापासून तुम्हीपण येत जा."

"देखरेखीला?"

"नाही. शिकायला."

आता रोज साडेदहाला जातो. हत्ती जमला. सध्या उंट चालू हाय. हुस्ना म्हणते, घाई करू नका.