नेहेते सावली उद्योग, भुसावळ

कुमुदिनी नेहेते यांनी भुसावळात सावल्या कापून विकायचा कारखाना काढला, तेव्हा अशा धंद्याला कायद्याने बंदी नव्हती. फक्त तो कुठल्या खात्यात बसवायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याआधी त्या शिवणक्लास चालवत. क्लास घरामागच्या अंगणात कडुनिंबाखाली भरायचा. चैत्रातल्या एका दुपारी त्यांना दिसलं, की निंबाच्या सावलीची कड एका बाजूनं उसवली आहे. उसवलेली कड दिसली की त्यांना चैन पडत नसे. दुमडून टीप मारावी म्हणून त्यांनी ती उचलली, आणि ती उचलली गेली. मग कात्री घेऊन त्यांनी बसायला पुरेल एवढा तुकडा कापला, घडी घालून पिशवीत टाकला आणि बाजारात भर उन्हात कोथिंबीर विकणाऱ्या अनसूयाबाईंना नेऊन दिला. अनसूयाबाईंनी तो पोत्यावर अंथरला, त्यावर आपण बसल्या, शेजारी जुड्या मांडल्या. संध्याकाळपर्यंत एकही जुडी कोमेजली नाही. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातल्या निम्म्या बायका कुमुदताईंच्या दारात होत्या.

निंबाची कापलेली बाजू तोवर भरून आली होती. म्हणजे धंदा चालण्यासारखा होता.

हा धंदा त्यांना कुणी शिकवला नाही, कारण तो आधी कुणी केलेला नव्हता. त्या कापत गेल्या आणि शिकत गेल्या. निंबाची सावली पातळ, घडीला चांगली. चिंचेची दाट, आणि तिच्यात बसलं की झोप येते, म्हणून ती दुकानदारांना द्यायची नाही, दवाखान्यांना द्यायची. बाभळीच्या सावलीला भोकं फार; ती शेळ्यांच्या गोठ्यासाठी कमी भावात जाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुंध्याजवळची सावली कापायची नाही. ती झाडाची स्वतःची. तिच्यातूनच बाकीची पुन्हा वाढते.

यावलच्या बाजूचे सुभान तडवी तेव्हा केळीच्या बागांमधून टेम्पो चालवत. सावलीला वजन नसतं, तिच्यानं टेम्पोचं डिझेल जास्त जळत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी केळी सोडली आणि ते कुमुदताईंकडे आले. कुठल्या गावात कुठलं झाड आहे, त्याचा मालक कोण, त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्यांना ठाऊक होतं. क्लासमधल्या बायका कापणी आणि शिलाई बघू लागल्या. मग कुमुदताईंनी कारखान्याची रीतसर नोंद करायचं ठरवलं.

शेती खात्यानं सांगितलं, की उत्पन्नाला वजन पाहिजे. कापड खात्यानं सांगितलं, की मालात धागा पाहिजे. शेवटी प्रकरण उद्योग कचेरीतल्या प्रभाकर ढाके यांच्याकडे आलं. ढाके सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कुमुदताईंना खुर्ची दिली आणि माल दाखवायला सांगितलं. कुमुदताईंनी टेबलावर चिंचेची सावली पसरली. टेबलावरचे कागद दिसेनासे झाले, तेव्हा ढाक्यांनी ट्यूबलाइट लावली.

"माप कसं धरता?" त्यांनी विचारलं.

"बाराच्या उन्हात. तेव्हा ती सगळ्यात लहान असते."

"आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर?"

"संध्याकाळपर्यंत वाढते. त्या वाढीचे आम्ही पैसे घेत नाही."

ढाक्यांनी सावलीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ग्राहकाच्या पदरात माल कमी पडत नसेल तर आपली हरकत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी कारखाना 'इतर' या सदरात टाकला. कुमुदताई उठल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या नोकरीत मी 'इतर'मधून मोठं झालेलं कुणी पाहिलं नाही, ताई. तुम्ही बघा."

कुमुदताईंनी ते आशीर्वादासारखं घेतलं.

पहिल्याच उन्हाळ्यात मोठा फटका बसला. गुंडाळलेल्या सावलीला अंधार चालत नाही. अंधारात ठेवली की ती त्यात मिसळते, आणि उजाडल्यावर अंधार जातो तशी तीही जाते. म्हणून गोदामात सतत दिवे लागत. एकदा वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही, आणि सगळ्या हंगामाचा माल गेला. सकाळी बायका रिकाम्या फळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. सुभाननं टेम्पोच्या पायरीवर बसून डोकं धरलं. कुमुदताई गोदामातून एक फेरी मारून आल्या, त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला आणि कपबशा देता देता प्रत्येकीला विचारलं, की रात्री घरात देवापुढे समई तेवत ठेवता येईल का.

त्या दिवसापासून गोदाम बंद झालं. कापलेल्या सावल्या गुंडाळून प्रत्येकजणी आपापल्या घरी नेऊ लागली आणि समईजवळ ठेवू लागली. सुभानच्या घरी त्या कंदिलाजवळ असत. ज्या घरात माल राहील त्या घराला नफ्यात वाटा मिळे. त्यामुळे झालं असं, की माल ठेवायला नवं घर हवं म्हणून कारखान्यात नवा माणूस येई, आणि नवा माणूस आला की नवी ऑर्डर घेता येई. वीज गेलेल्या गोदामातून हा कारखाना असा गल्लोगल्ली पसरला. थोड्याच वर्षांत शाळांची मैदानं, वीटभट्ट्या, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं, सगळीकडे नेहेत्यांची सावली जायला लागली. कुमुदताईंना भाषणाला बोलावणी येत. त्या जात, पण बोलायला उभ्या राहिल्या की आधी सभागृहाचे पडदे कुणी शिवले ते विचारत.

मग सूर्यकांत बोंडे यांनी सावलीचा धंदा सुरू केला.

बोंडे स्वस्त देत, कारण ते बुंध्यापर्यंत कापत. एका झाडावर त्यांचा दुप्पट माल निघे. पुढच्या चैत्रात तापीकाठच्या गावांमध्ये मोठमोठी झाडं बिनसावलीची उभी दिसू लागली. डेरेदार आंबा, हिरवागार, आणि खाली पांढरं ऊन. गुरं सवयीनं तिथं येत आणि गोंधळून उभी राहत. काही दिवसांनी झाडांची पानं करपायला लागली. गावकऱ्यांनी कोण बोंडे आणि कोण नेहेते असा फरक केला नाही. ज्या वेशीवर सुभानला गूळपाणी मिळायचं, तिथं त्याचा टेम्पो अडवला गेला.

नेमक्या त्याच वेळी तालुक्याच्या एसटी स्टँडची ऑर्डर अंगावर होती. स्टँडचं छप्पर नव्यानं बांधण्यासाठी उतरवलं होतं. दवाखान्यात जाणारे म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे उन्हात बसत. आगारप्रमुखांनी स्वतः येऊन विनंती केली होती, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सावली अंथरून देते असा शब्द कुमुदताईंनी दिला होता. माल तयार होता. घराघरांतल्या समयांजवळ तो गुंडाळून ठेवलेला होता.

कुमुदताई सुभानबरोबर जाऊन ती झाडं पाहून आल्या.  घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की सगळा माल बाहेर काढा, झाडांना परत द्यायचा आहे.

कुणीतरी म्हणालं, की ही आपण कापलेली झाडं नव्हेत. कुमुदताई म्हणाल्या, की झाडाला ते कसं कळणार. दुसऱ्या कुणीतरी स्टँडचं काय म्हणून विचारलं. कुमुदताई म्हणाल्या, की आधी झाडं.

पुढचे काही दिवस सगळा कारखाना गावोगाव हिंडत होता. बायका झाडाच्या बुंध्याभोवती सावली अंथरत, मुळांच्या बेचक्यांतून नीट बसवत आणि हातशिलाईनं टाके घालत. आंब्याला आंब्याचीच आणि निंबाला निंबाचीच सावली लावावी लागे. परकी सावली झाड धरत नाही. गावकरी आधी लांबून बघत. मग पाणी घेऊन जवळ आले. एकेका झाडानं सावली धरली, आणि सकाळी तिला बोटभर नवी कड फुटलेली दिसली.

झाडं वाचली. कारखान्यात एक घडीही उरली नाही. आणि अक्षय्यतृतीया तोंडावर आली.

नवी सावली लगेच कापणं म्हणजे बोंड्यांचंच काम पुढे नेणं झालं असतं. कुमुदताई अंगणात उभ्या राहून विचार करत होत्या. ऊन कलतं होतं, त्यांची स्वतःची सावली पुढे लांबवर पडली होती. त्यांनी कात्री मागवली.

सुभानला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, "ताई, माणसाची सावली गार किती लागंल?"

"झाडाएवढी नाही. तसं सांगूनच द्यायची. पायाशी गुडघ्याएवढी ठेवा, बाकीची कापा."

त्यांची पहिली कापली. मग सुभानची, मग बायकांची, त्यांच्या नवऱ्यांची, सासवांची. ढाके साहेब निवृत्त झाले होते, ते काठी टेकत आले. त्यांची सावली काठीसकट घेतली. दुसऱ्या दिवशी तापीकाठच्या गावांमधून माणसं आली. ज्यांनी टेम्पो अडवला होता तेही आले आणि ऊन पाठीशी घेऊन गुमान उभे राहिले. कुणी हातात विळा घेऊन, कुणी कडेवर मूल घेऊन. हालू नका एवढंच त्यांना सांगावं लागे.

रांगेच्या शेवटी सूर्यकांत बोंडे होते. ते कुणाकडे बघत नव्हते. सुभाननं कात्री घेतली आणि त्यांच्या टाचांपाशी टेकवली.

"सुभानभाऊ," कुमुदताई म्हणाल्या, "गुडघ्यापर्यंत."

"यांनी झाडाला ठेवली का?"

"नाही ठेवली. म्हणून आपण ठेवायची."

सुभाननं कात्री वर सरकवली. बोंड्यांनी आपली सावली स्वतःच्या हातानं गुंडाळून टेम्पोत ठेवली. पुढे ते याच कारखान्यात वसुलीला लागले आणि तिथं त्यांचं काम चोख होतं.

सगळ्या सावल्या जोडून स्टँडभर अंथरल्या गेल्या. दिलेल्या शब्दाप्रमाणे, अक्षय्यतृतीयेला सकाळी. आगारप्रमुखांनी त्यावरून चालून पाहिलं आणि माल ताब्यात घेतला.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज नम्र होता, पण तक्रार होती. सावल्या हलत होत्या. झाडाच्या सावलीतही थोडी हालचाल असे, पण ती वाऱ्याची, तिच्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. ही निराळी होती. सकाळी जमिनीवरचे कितीतरी हात एकदम कापणीला लागत. दुपारी सगळे हात खाली जात आणि तोंडाकडे येत.

कुमुदताईंनी सांगितलं, की ती माणसं तेव्हा जेवत असतात. जेवणाची सुट्टी बंद करता येणार नाही. हवं असेल तर माल परत घेते. आगारप्रमुखांनी थोडा विचार केला आणि प्रवाशांना विचारून कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. प्रवाशांना सवय झाली होती. सावल्या जेवायला बसल्या की स्टँडवर डबे उघडत. ढाक्यांच्या सावलीशेजारी म्हातारी माणसं आवडीनं बसत, कारण ती संध्याकाळी काठी बाजूला ठेवून पाठ चेपून घेई. कुणाची तरी सावली कडेवरच्या पोराला थोपटायची. तिथं लेकुरवाळ्या बायांचा नंबर लागे.

ज्येष्ठात एका दुपारी यावलकडच्या गाडीचे कंडक्टर कारखान्यात आले आणि त्यांनी कुमुदताईंच्या पुढ्यात फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. स्टँडवर रोज गाडीची वाट बघणाऱ्या एका आजींनी ते दिलं होतं. गाठ सोडली तर आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा आणि कांदा.

"त्या म्हणाल्या," कंडक्टरांनी निरोप सांगितला, "बाकीच्या सगळ्या जेवतात, ही एकच दिवसभर हात चालवते आणि दुपारी तोंडाला काही लावत नाही. कोण आहे तिला नेऊन दे."

शिलाईच्या बायका मशीन थांबवून बघत होत्या.  कुमुदताईंनी बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून ठेवलं, हात धुतले आणि त्या खाली मांडी घालून बसल्या. भाकरी अजून मऊ होती.

तिकडे स्टँडवर आजींनी सावलीचा हात उठताना पाहिला, दुसरा घासही पाहिला. मग त्या आपल्या गाडीत चढल्या.